चढता आणि उतरता

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात कृष्णा स्वतः आत येते. पाणी घाट चढत मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायला आसपासच्या गावांतून माणसं धावत येतात. पाणी अपरात्री चढलं तरी येतात. उत्सवमूर्ती तोवर वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेलेली असते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. वाडीचे लोक त्याचे दोन प्रकार सांगतात. पाणी वाढत असताना होतो तो चढता दक्षिणद्वार आणि पूर ओसरताना पाणी पुन्हा त्याच पातळीवर येतं तो उतरता.

एका गावाने देवळाचं दार धरून पुराचं मोजमाप ठेवलं, आणि तेही चढणीचं वेगळं, उतरणीचं वेगळं. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना पूर येणार हे ठाऊकच होतं. गाव त्या हिशेबाने वसलं, पेरा त्या हिशेबाने धरला गेला, मूर्ती वर नेण्याचा रिवाजही त्याच हिशेबातून पडला. चढतीमागोमाग उतरती येते, हा त्या हिशेबाचा पाया होता. आजच्या व्याख्यानाचा विषय हा हिशेब कसा बिघडला, हा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या गावात पाणी शिरतं का, याचं उत्तर आजोबा-पणजोबांनाही माहीत होतं. शिरलेलं पाणी दिवसेंदिवस हलत का नाही, हा प्रश्न मात्र आपल्या पिढीचा आहे. आणि त्याचं उत्तर एका ठिकाणी सापडत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ नावाचं गाव आहे. कृष्णा आणि येरळा यांचा संगम इथे होतो. रामदासी परंपरेत हे नाव जुनं आहे; रामदास पंचायतनातले आनंदमूर्ती इथले. 2019 च्या ऑगस्टमध्ये हे गाव पाण्याने वेढलं गेलं आणि 8 ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी बोट गावाजवळच उलटली. डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत बाया आणि लेकरं जास्त होती. बोटीत बसायला हवी होती त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसं बसली होती, कारण पुढची फेरी कधी होईल याची खात्री कुणालाच नव्हती.

या दुर्घटनेनंतर शहरातल्या माणसांनी विचारलेला प्रश्न होता, हे लोक आधीच बाहेर का पडले नाहीत? कृष्णाकाठच्या गावात याचं उत्तर कुणीही देईल. प्रत्येक घराला ‘पाच सालचं पाणी’ ठाऊक होतं. 2005 च्या महापुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुणाच्या ओट्याला लागलं, मारुतीच्या देवळात किती चढलं, हे तोंडपाठ होतं. त्या खुणेच्या वर ज्याचं घर, तो निर्धास्त राहिला. शिवाय गोठ्यात दावणीला जनावरं होती. भिलवडी-पलूसच्या या पट्ट्यात म्हैस हे घराचं रोजचं उत्पन्न असतं. दूध घातलं की आठवड्याचा बाजार होतो. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. ज्यांनी अखेर घर सोडलं, त्यांतल्या कित्येकांनी जाताना दावी कापून जनावरं मोकळी केली आणि मागे वळून पाहिलं नाही.

पाच सालची खूण चुकली ती किती चुकली, हे सांगलीच्या आयर्विन पुलावर लिहिलेलं आहे. 1929 साली खुला झालेला हा पूल आज सांगलीकरांची पूरपट्टी आहे. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2005 साली पाणी 53 फूट 8 इंचांवर गेलं होतं. 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. तिकडे कोल्हापुरात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट धरतात. 2019 मध्ये तिथे 55 फूट 7 इंच नोंदले गेले. हा आकडा आता कित्येक वर्षं टिकेल असं लोक म्हणत होते. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, तिथे 56 फूट 3 इंच पाणी होतं.

हे असं का होतं, याचा शोध नदीच्या उतारापासून घ्यावा लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे आणि सांगली साडेपाचशेच्या आसपास. यातली बहुतेक उतरण नदी कऱ्हाडच्या आतच संपवते. घाटातून कोसळत आलेलं पाणी तिथून पुढे एकदम सपाटीला लागतं आणि नदी नागमोडी होते. कऱ्हाडला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि शिरोळ तालुका ओलांडता ओलांडता दूधगंगा. पंचगंगा स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची मिळून झालेली आणि प्रयाग चिखलीच्या संगमावर लोक त्यात गुप्त सरस्वतीही मोजतात. म्हणजे सह्याद्रीच्या लांबलचक माथ्यावर पडलेला पाऊस अखेर एका कोपऱ्यात गोळा होतो. त्या कोपऱ्याचं नाव शिरोळ.

संगमावर एक साधी गोष्ट घडते. मोठी नदी फुगलेली असली की लहान नदीला आत शिरायला वाट मिळत नाही. तिचं पाणी मागे सरतं, ओढ्यात घुसतं, ओढ्यातून शेतात आणि शेतातून गावात. याला काठावरचे लोक ‘फूग’ म्हणतात. गावात शिरलेलं पाणी बऱ्याचदा नदीच्या बाजूने येतच नाही. ते पाठीमागून, ओढ्याच्या बाजूने येतं, जिकडे कुणाचं लक्ष नसतं. नदीकडे तोंड करून रात्रभर जागलेल्या माणसाच्या परसात पहाटे पाणी उभं असतं.

पाऊस हे अर्थातच पहिलं कारण, आणि ते हलकं समजण्यात अर्थ नाही. चांदोलीच्या जंगलाजवळ, सातारा-सांगलीच्या सीमेवर पाथरपुंज नावाची वस्ती आहे. 2019 च्या पावसाळ्यात तिथे 7000 मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला. तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या आटपाडीत वर्षभरात पाचशेच्या आसपास पडतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पडले. म्हणजे आटपाडीचं वर्ष महाबळेश्वरने एका दिवसात उरकलं. पूर्वी संततधार असायची. आषाढात लागलेला पाऊस श्रावणापर्यंत रिपरिप चालू ठेवायचा आणि नदीला वाहून न्यायला सवड मिळायची. आता तोच पाऊस चार दिवसांत ओतला जातो. हवामानाचे अभ्यासक पश्चिम किनाऱ्यावरच्या अतिवृष्टीचं हे वाढतं प्रमाण तापत्या अरबी समुद्राशी जोडतात.

यावर लगेच पुढे येतं ते धरण. कोयनेत 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावतं, वारणेत 34, दूधगंगेत 25, राधानगरीत 8. एवढी भांडी वर मांडून ठेवल्यावर खाली पूर यावाच का, असं वाटणं साहजिक आहे. पण ही धरणं वीज आणि सिंचन यांसाठी बांधलेली आहेत. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून ती पावसाळ्यात भरून घ्यायची असतात. पूर झेलायचा तर त्यांत रिकामी जागा हवी. भरलेलं धरण आलेला पाऊस तसाच खाली सोडतं. जुलैअखेर धरण किती भरू द्यायचं, हा म्हणून खरा कळीचा प्रश्न आहे. अधिकाऱ्याने धरण रिकामं ठेवलं आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर मे महिन्यात त्याला कुणी माफ करत नाही. भरून ठेवलं आणि अतिवृष्टी झाली, तर ऑगस्टमध्ये कुणी माफ करत नाही. गेल्या काही वर्षांत धरणांचे पाणीसाठे टप्प्याटप्प्याने ठरवून पाळण्याकडे थोडं अधिक लक्ष दिलं जातं, ही चांगली गोष्ट आहे.

राधानगरीचं उदाहरण यात वेगळं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या भारानेच ते उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एकेका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी बाहेर पडतं. तीन नंबरचा दरवाजा उघडला, पाच नंबरचा उघडला, ही बातमी भोगावती आणि पंचगंगेच्या काठी क्रिकेटच्या धावसंख्येसारखी घरोघर फिरते. गावकऱ्याला धरणाच्या कारभारातली एवढीच गोष्ट इतकी उघड दिसते, आणि म्हणून तिच्यावर त्याचा विश्वास आहे. बाकीच्या धरणांतून किती पाणी कधी सुटलं आणि ते आपल्या गावी किती तासांनी पोचेल, हे त्याला असंच कळलं असतं, तर कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

धरणांवर सगळा भार टाकता येत नाही याचं आणखी एक कारण आहे. 2021 च्या पुरात धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात प्रचंड पाऊस झाला. अभियंते त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. तिथलं पाणी अडवणारा दरवाजाच नसतो. धरणातून विसर्ग नाममात्र असतानाही तेवढ्याने नद्या पात्राबाहेर पडू शकतात.

आता अलमट्टी. या खोऱ्यात हा शब्द उच्चारल्याशिवाय पुराची चर्चा पूर्ण होत नाही. विजापूर-बागलकोटच्या सीमेवरचं कर्नाटकातलं हे धरण 519.60 मीटरपर्यंत भरायला सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मोकळीक दिली. त्या पातळीला त्यात सुमारे 123 टीएमसी पाणी मावतं. 2010 साली न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या लवादाने ती पातळी 524.256 मीटरपर्यंत नेण्यास संमती दिली आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच्या पोटात गोळा आहे. 2005 चा पूर आला तेव्हाच अलमट्टीच्या फुगवट्याकडे बोट दाखवलं गेलं होतं. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2020 साली अहवाल दिला. अतिवृष्टी, पूरक्षेत्रातली अतिक्रमणं आणि नदीच्या वाटेतले अडथळे यांच्यावर तिने भर दिला आणि अलमट्टी आणि तिच्या वरच्या अंगाचा कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा यांच्यामुळे सांगली-कोल्हापुरात पूर येतो हे मान्य केलं नाही. काठावरच्या अनेकांनी, त्यांत पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या निवृत्त अभियंत्यांनीही, हा निष्कर्ष मानला नाही. त्यांचं म्हणणं असं की फुगवटा सांगलीच्या पुलाला येऊन भिडतो की नाही एवढंच बघून चालणार नाही. खालचं पात्र भरलेलं असेल तर वरच्या पाण्याचा वेग मंदावतो आणि ते रेंगाळतं. हिप्परगीचे दरवाजे वेळेवर उघडले गेले का, शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याखाली पाण्याला किती उतार मिळतो, हे प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतात.

हा वाद अजून संपलेला नाही. धरण मुळातच 519 वर भरलेलं असताना वरून पाणी येणं आणि ते दोन-तीन मीटर खाली असताना येणं यांत फरक पडतो, एवढं समजायला अभियंता असावं लागत नाही. दोन राज्यांनी पावसाळ्यात एकमेकांचे आकडे तासातासाला पाहावेत ही मागणी म्हणूनच रास्त आहे. अलीकडे तसा संपर्क वाढला आहे. पण इथे एक गणित मांडून बघायला हवं. 2019 मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पाच लाख क्युसेक दिवसभर वाहिलं की 43 टीएमसी होतात. या वेगाने भरलेली अख्खी कोयना अडीच दिवसांत रिकामी होईल. एवढं पाणी खाली जात असतानासुद्धा शिरोळच्या गावांत दिवसेंदिवस पाणी उभं होतं. म्हणजे अडथळे वाटेतही आहेत, आणि त्यांतले बरेच आपल्याच हाताने घातलेले आहेत.

याच गणिताने आणखी एक आशा तपासता येते. पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्यावं, ही कल्पना मनाला फार भिडते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना पुराच्या दिवसांत चालवून आटपाडी, जत, कवठेमहांकाळचे तलाव भरून घेतले जातात, आणि त्या तलावांकाठी तो दिवस सणासारखा असतो. दुष्काळी गावासाठी हे पाणी लाखमोलाचं आहे, ते द्यायलाच हवं. पूर मात्र त्याने उतरणार नाही. महापुराने वाहणाऱ्या नदीतून पंप जे उचलतात, ते भरल्या रांजणातून पळीने काढल्यासारखं आहे.

मग वाटेतले अडथळे कोणते? कोल्हापूरच्या लोकांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो. नदीवर पूल आहे, पण पुराच्या वेळी नदी फक्त पुलाखालून जात नाही, ती दोन्ही अंगांना कित्येक एकर पसरते. तिथे रस्ता मातीच्या भरावावर उभा आहे. भराव म्हणजे नदीला आडवा घातलेला बांधच. त्याच्या खालून जायला ज्या मोऱ्या ठेवलेल्या असतात, त्या रोजच्या ओढ्याच्या मापाच्या. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा हा महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला आणि दोन्ही बाजूंना ट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. बातमी झाली ती रांगांची. पाणी भरावाच्या वरच्या अंगाला अडकून कुठल्या वस्त्यांत शिरलं, ही बातमी छोट्या टायपात राहिली. इथे भराव काढून खांबांवरचा रस्ता करा, ही मागणी तेव्हापासून होते आहे.

भराव एकट्या महामार्गाला नसतो. सांगली-कोल्हापूर रस्त्याला आहे, बायपासला आहे, आणि गावागावांच्या पोचरस्त्यांनाही आहे. गावाला पक्का रस्ता हवा असतो आणि पावसाळ्यात तो बुडू नये असंही वाटतं. मग दर डांबरीकरणाला रस्ता वीतभर उंच होतो. दहा-वीस वर्षांत हाच रस्ता शेतापेक्षा पुरुषभर उंच होऊन बसतो. पुरात अशा रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर एका अंगाला पाणी काठोकाठ, संथ, काड्या-पाचोळ्याची साय आलेलं. दुसऱ्या अंगाला पाणी हात-दोन हात खाली. मोरीच्या तोंडाशी भोवरा फिरत असतो, आणि त्यात उसाची चिपाडं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी परसातली घागर अडकलेली. हात-दोन हात पाण्याचा हा फरक म्हणजे कित्येक घरांचा उंबरा.

ओढ्यांचं दुखणं याहून जवळचं. चाळीस वर्षांपूर्वीचे गाव नकाशे काढून पाहिले, तर नदीला मिळणारे ओढे रुंद दिसतात; त्यांच्या दोन्ही काठांना तेव्हा बाभळी-करंज होते. आज बऱ्याच ठिकाणी त्यांची नाली झाली आहे. बांध कोरून कोरून दोन्ही बाजूंचं शेत आत सरकलं. शेवटी जी चर उरली तिच्यात कुणी विहिरीचा मलबा लोटला, कुणी पाइप टाकून वर माती ओढली. हे करणारा शेतकरी दुष्ट नसतो. दोन गुंठे ऊस वाढतो, एवढंच त्याला दिसतं. पण नदीला जाणारं पाणी आणि पूर ओसरताना परत फिरणारं पाणी, दोघांची वाट तीच असते. ती बुजली की उतरता दक्षिणद्वार लांबतो.

उसाबद्दल बोलणं या भागात नाजूक असतं, तरी बोलायला हवं. नदीकाठची मळी पूर्वी गाळपेरीची होती. पूर ओसरला की त्या ओल्या गाळात शाळू-हरभरा टाकायचा. ओल पिकाला पुरायची. पावसाळ्यात ही जमीन उघडी असायची आणि पुराचं पाणी तिच्यावरून सरळ निघून जायचं. आज तिथे काठाला टेकून बारमाही ऊस आहे. सात-आठ महिन्यांचा, पुरुषभर उंच, दाट ऊस. त्यातून पाणी वाट काढतं पण वेग टाकून. आणि ऊस नदीचं पाणी अडवतो तशी नदीही उसाचा जीव घेते. पोंग्यात गाळाचं पाणी शिरलं की शेंडा कुजतो, कांड्यांना पांगशा फुटतात आणि वर्षाचं पीक वैरणीच्या लायकीचंही राहत नाही. शिरोळ तालुक्यात तर अतोनात पाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड होऊन बसली आहे. उन्हाळ्यातच जिच्या पोटात पाणी आहे, ती जमीन पावसाळ्यात काय जिरवणार?

त्यात काठच्या पोयट्याच्या मातीला वीटभट्ट्यांची मागणी. माती उचलली जाते, काठ खचतो. वाळूचा उपसा पात्र खरवडतो. वीट जाते ती बहुधा अशा घरांसाठी, जी नदीच्याच निळ्या रेषेत उभी राहतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. सांगली-कोल्हापूर शहरांत या रेषांवरून निदान भांडणं तरी होतात. गावाकडे ही रेषा कुठून जाते, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर क्वचितच काढलेलं असतं.

खरं तर जुन्या गावाला स्वतःची रेषा होती. मराठी शेतकरी जमिनीचे दोन भाग करतो, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं. कृष्णाकाठी पांढरी हमखास उंचवट्यावर असते. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंतींवर नव्या भिंती बांधत हे टेकाड वर चढत आलं. पुरात ते बेटासारखं दिसतं, म्हातारी माणसं अजूनही ‘पांढरी बुडत नाही’ म्हणतात. कुटुंबं वाढली, पांढरीवर जागा उरली नाही आणि वाढीव गाव काळीत उतरलं. स्टँडजवळची दुकानं, नवी कॉलनी, घरकुलं, शाळेची नवी इमारत, दूध संकलन केंद्र, सारं काळीत. ज्यांना गावठाणात कधीच जागा मिळाली नव्हती त्या वस्त्या तर आधीपासूनच खाली होत्या. पुराचं पाणी येतं तेव्हा पहिला तडाखा त्यांना बसतो आणि ओसरताना शेवटची सुटकाही त्यांचीच.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर मिळून चार लाखांहून अधिक माणसांना घर सोडून बाहेर पडावं लागलं. तेव्हा मोफत धान्यासाठी निघालेल्या शासन निर्णयात, घर किंवा क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावं, अशी अट होती. लोकांचा त्यावर संताप झाला, आणि तो योग्य होता. छातीभर पाण्यातून आलेल्या माणसाला पाणी किती तास उभं होतं हे विचारणं माणुसकीचं नाही. तरी त्या अटीतून एक गोष्ट नकळत कबूल झाली होती. पाणी किती चढलं याइतकंच ते किती काळ थांबलं, यावर नुकसान ठरतं. मातीची भिंत एक रात्र पाण्यात तग धरते, चार दिवसांत विरघळते. कणगीतला जोंधळा एका दिवसात वाळवून घेता येतो, आठ दिवसांनी त्याला मोड आलेले असतात. पूर उतरल्यावर घरात शिरलेल्या बाईने पहिल्यांदा दार ढकललं की आतल्या गाळाने ते उघडत नाही. खिडकीतून हात घालून फावड्याने गाळ ओढावा लागतो. मग कळतं की पाणी गेलं तरी वास आठ-दहा दिवस जात नाही.

गाव हलवावं का? हा प्रश्न प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला 1989 च्या पुरानंतर विचारला गेला होता. त्यांच्यासाठी सोनतळीला उंचावर जागा दिली गेली. काहींनी तिथे घरं बांधली. अनेकांनी बांधूनही जुनं घर सोडलं नाही, कारण शेत खाली, गोठा खाली, देव खाली. 2019 आणि 2021 ला चिखलीतून पुन्हा बोटींनी माणसं काढावी लागली. लोकांना हटवादी म्हणून या गोष्टीचा निकाल लावता येत नाही. रोज पहाटे धार काढायला चार किलोमीटर उतरायचं आणि चढायचं हे ज्याला करावं लागतं, त्याला प्लॉट मिळाला म्हणजे गाव मिळालं असं होत नाही. म्हैस बांधायला जागा, वैरणीला जागा, पाण्याची सोय आणि संध्याकाळी बसायला पार, एवढं धरून दिलेली जागा लोक सोडत नाहीत.

आजवरच्या उपाययोजनांत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट फार मोठी नाही. एखाद्या तालुक्यात भरावाखालच्या मोऱ्या किती, त्यांचं माप काय आणि बुजलेले ओढे कुठले, याची यादी तलाठी, ग्रामसेवक आणि गावातली दोन जाणती माणसं मिळून उन्हाळ्याच्या एका महिन्यात करू शकतात. ओढ्याची हद्द मोजणीच्या नकाशात आहेच. कुठला भराव फोडून मोरी रुंद करायची, हे ठरवायला कर्नाटकाची परवानगी लागत नाही. दोन राज्यांतला वाद मिटायला वर्षं जातील, आणि तो लढा लढायलाच हवा. पण ओढ्याचं तोंड तोवर बुजलेलं ठेवण्याचं कारण काय?

2021 ला पाणी पुन्हा वाढू लागलं तेव्हा काठावरच्या बऱ्याच गावांत एक फरक दिसला. माणसं सांगायच्या आधी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हशी चढवल्या, वैरणीचे भारे वर टाकले, पोरांच्या वह्या-पुस्तकांची पोतडी बांधली. ब्रह्मनाळच्या बोटीची आठवण सगळ्यांनाच होती. पाच सालच्या खुणेवर भरवसा ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं. कित्येक घरांच्या भिंतींवर आता एकाखाली एक तीन रेघा आहेत, 2019, 2021 आणि 2005, काही गावांत क्रम वेगळा. कुणी त्या तैलरंगाने ओढल्या आहेत, कुणी खिळ्याने कोरल्या. त्यांत तारखा आहेत, पण जवळजवळ सगळ्या चढतीच्या. पाणी कुठल्या दिवशी खाली गेलं, हे फार थोड्या भिंतींवर लिहिलेलं आहे.

वाडीत पाणी उतरतं तेव्हा पुजारी आणि गावकरी लगेच कामाला लागतात. गाळ घट्ट बसायच्या आत, पाण्याच्याच पाठोपाठ, वरून खाली एकेक पायरी धुऊन काढायची असते. पाणी अजून चौथ्या पायरीवर असतं, आणि तिसरी धुऊन झालेली असते.